एका वाटेवर एकच क्रॉसओव्हर

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

‘माझे स्पीकर टू-वे आहेत, म्हणजे खालच्या सुरांचा एक वूफर, वरच्या सुरांचा एक ट्विटर. मागे टर्मिनलच्या दोन जोड्या आहेत आणि त्या पत्र्याच्या पट्ट्यांनी जोडलेल्या होत्या. आजवर सगळं एका इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायरवर चालत होतं. त्याला प्री-आउट (पॉवर भागाच्या आधीचा सिग्नल बाहेर काढायचा) आणि मेन-इन (पॉवर भागाला थेट सिग्नल द्यायचा) दोन्ही आहेत. आता मी एक वेगळा पॉवर ॲम्प आणि एक इलेक्ट्रॉनिक क्रॉसओव्हर, म्हणजे ॲम्पच्या आधीच खालचे आणि वरचे सूर वेगळे करणारी पेटी, घेतला. माहितीपत्रकात स्पीकरचा क्रॉसओव्हर २५०० हर्ट्झला आहे असं छापलंय, म्हणून मीही २५०० वर, दर सप्तकाला, म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या दर दुपटीला, २४ डेसिबल उतार ठेवला. पट्ट्या काढल्या, वरच्या जोडीला नवा पॉवर ॲम्प लावला, खालच्या जोडीला जुना. आवाज भरपूर मोठा होतो, पण गाणारा माणूस मागच्या खोलीत जाऊन उभा राहिल्यासारखा वाटतो. शब्द कळत नाहीत. उतार १२ करून बघू का? की लो आणि हाय थोडे एकमेकांवर चढवू? की स्पीकर उघडून आतला क्रॉसओव्हरच काढून टाकू? आणि दोन ॲम्पपैकी कोणता वर लावावा?’

उत्तर:

तुमच्या कानांवर विश्वास ठेवा. शब्द कळत नाहीत हा भास नाही. तुमच्या जोडणीत नेमका शब्दांचाच पट्टा कापला गेला आहे. ॲम्प चांगले आहेत, वायरींचा काही दोष नाही, नवा क्रॉसओव्हरही बिघडलेला नाही. चूक एवढीच, की सिग्नलची वाटणी एकदा व्हायला हवी तिथे ती दोनदा होते आहे. तुमच्या नव्या पेटीने खालचे आणि वरचे सूर वेगळे केले, आणि मग स्पीकरच्या पोटातल्या मूळ क्रॉसओव्हरने तेच काम पुन्हा केलं.

पट्ट्या काढल्या की आतला क्रॉसओव्हर बाजूला होतो, असा समज होणं अगदी साहजिक आहे. ही शंका घेऊन येणाऱ्या बहुतेक पत्रांच्या मुळाशी तोच समज असतो. प्रत्यक्षात पट्ट्या काढल्यावर त्या क्रॉसओव्हरचे दोन भाग फक्त एकमेकांपासून सुटे होतात. वरच्या टर्मिनलपासून ट्विटरपर्यंतच्या वाटेत कपॅसिटर, कॉइल, रेझिस्टर पूर्वीसारखेच बसलेले असतात. खालच्या टर्मिनलपासून वूफरपर्यंतही तसंच.

किती नुकसान झालं ते कागदावर मांडता येतं. २४ डेसिबल उताराचा जो प्रकार इलेक्ट्रॉनिक क्रॉसओव्हरमध्ये सहसा असतो त्याला लिंक्विट्झ-रायली म्हणतात. सिगफ्रिड लिंक्विट्झ आणि रस रायली हे ह्यूलेट-पॅकार्डमधले दोन इंजिनिअर. १९७६ साली लिंक्विट्झ यांनी या रचनेवर निबंध प्रसिद्ध केला. तिचं मर्म असं की वाटणीच्या फ्रिक्वेन्सीला दोन्ही बाजूंचं व्होल्टेज बरोबर निम्मं, म्हणजे ६ डेसिबल खाली असतं आणि दोन्हींची फेज जुळलेली असते, म्हणजे लहरींचे चढ-उतार एकाच वेळी येतात. निम्मं आणि निम्मं मिळून पूर्ण होतं, म्हणून बेरीज सपाट येते. तुमच्या स्पीकरमधला क्रॉसओव्हर कोणत्याही प्रकारचा असो, तो त्याच्या परीने ही बेरीज पूर्ण करतच होता. तुम्ही त्याच्या दोन्ही हातांत आधीच निम्मा केलेला सिग्नल दिलात. त्यामुळे २५०० हर्ट्झला एकूण आवाज बरोबर ६ डेसिबलने पडला. आत कुठला फिल्टर आहे यावर हा आकडा अवलंबून नाही.

खड्डा अरुंदही नाही. आतली वाटणीही लिंक्विट्झ-रायलीसारखीच धरली, तर अर्धं सप्तक खाली आणि अर्धं सप्तक वर, म्हणजे साधारण १७७० आणि ३५४० हर्ट्झला, सव्वातीन डेसिबलची घट उरते. १२५० आणि ५००० ला ती एक डेसिबलवर येते. श, ट, क यांसारख्या व्यंजनांची धार बऱ्याच अंशी याच पट्ट्यात असते. गायक मागे गेला तो याच कारणाने.

आता तुमच्या पहिल्या दोन शंका. उतार १२ करू नका. दर सप्तकाला १२ डेसिबलच्या लिंक्विट्झ-रायलीत दोन्ही बाजू एकमेकींशी १८० अंशांनी उलट्या असतात, म्हणून तिथे एका ड्रायव्हरची (वूफर किंवा ट्विटरची) पोलॅरिटी, म्हणजे अधिक-उणे जोडणी, उलटवावी लागते. ती न उलटवता हा उतार आतल्या क्रॉसओव्हरच्या पुढे लावलात, तर जिथे ट्विटर आणि वूफर एकमेकांना साथ देत होते तिथे ते एकमेकांना खोडून काढतील. लो आणि हाय एकमेकांवर चढवण्याची कल्पना कागदावर निरुपद्रवी दिसते, पण तिचा परिणाम याहून फसवा आहे. समजा लो एक सप्तक वर, ५००० वर नेला आणि हाय एक सप्तक खाली, १२५० वर आणला. आता २५०० ला दोन्ही बाजूंची पातळी अर्ध्या डेसिबलनेच कमी दिसेल, म्हणजे जवळजवळ पूर्ण. पण २४ डेसिबलचा फिल्टर त्याच्या कडेपासून एक सप्तक दूरसुद्धा फेज सुमारे ८७ अंशांनी फिरवतो. एक बाजू ८७ अंश मागे, दुसरी ८७ अंश पुढे, म्हणजे दोन्हींत सुमारे १७३ अंशांचं अंतर. १८० अंशांना संपूर्ण खोडाखोड होते, हे लक्षात घ्या. पातळी बघून सगळं ठीक वाटेल आणि ऐकताना खड्डा पूर्वीपेक्षा खोल होईल. तेव्हा एका ड्रायव्हरच्या वाटेवर, त्या वाटणीसाठी, एकच क्रॉसओव्हर. दुसरा बसवून, मग त्याची बटणं फिरवून हा गुंता सुटत नाही.

माहितीपत्रकातल्या २५०० या आकड्याबद्दल मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण पुढचा सगळा निर्णय त्यावरच उभा आहे. हा आकडा ध्वनीचा आहे, सर्किटचा नव्हे. ट्विटर आणि वूफर यांचे प्रत्यक्ष आवाज जिथे एकमेकांना छेदतात ती ही फ्रिक्वेन्सी. ड्रायव्हर स्वतःच फिल्टरसारखा वागतो. बंद पाठीचा ट्विटर त्याच्या अनुनादाखाली आपणहून दर सप्तकाला सुमारे १२ डेसिबलने उतरतो, वूफर वरच्या टोकाला आपणहून ढेपाळतो. रचनाकार हा नैसर्गिक उतार हिशेबात धरून वर थोडा विद्युत उतार चढवतो आणि दोन्ही मिळून त्याला हवा तो ध्वनीचा उतार साधतो. त्यामुळे २५०० ला छेदणाऱ्या स्पीकरमध्ये वूफरचा विद्युत फिल्टर कितीतरी खालपासून काम करत असू शकतो. तो आकडा इलेक्ट्रॉनिक पेटीवर जसाच्या तसा लावून मूळ स्पीकरची वाटणी उभी राहत नाही.

शिवाय आतला तो बोर्ड फक्त वाटणी करत नाही. समजा तुमचा वूफर ८७ डेसिबल संवेदनशीलतेचा आहे आणि ट्विटर ९२ चा, म्हणजे तेवढ्याच सिग्नलवर ट्विटर जास्त मोठा वाजतो. ट्विटरच्या वाटेतले रेझिस्टर हा ५ डेसिबलचा फरक मोडून काढतात. दुसरी गोष्ट स्पीकरच्या पेटीच्या पुढच्या फळीची. वरच्या सुरांना ती फळी भिंतीसारखी असते, ते सूर सगळे पुढेच फेकले जातात. खालच्या सुरांची तरंगलांबी मोठी असल्याने ते फळीला वळसा घालून मागे निघून जातात. फळी २० सेंटिमीटर रुंद असेल तर हा बदल साधारण ५७५ हर्ट्झच्या आसपास घडतो आणि मोकळ्या जागेत त्याची घट ६ डेसिबलपर्यंत जाते. वूफरच्या वाटेतली कॉइल मुद्दाम मोठी ठेवून ही घट भरून काढली जाते. याखेरीज वूफरच्या व्हॉइस कॉइलचा वाढत जाणारा इंपीडन्स (विद्युत अडथळा) सपाट करणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी असते, आणि कधी धातूच्या कोनचं कर्कश शिखर दाबणारा नॉच फिल्टर असतो. रचनाकाराने मोजून, ऐकून, पुन्हा मोजून हे एकेक मूल्य ठरवलेलं असतं. म्हणून ‘काढून टाकू का’ या प्रश्नाला मी सहजासहजी हो म्हणत नाही. तो बोर्ड काढलात, तर ही सगळी कामं तुमच्या अंगावर येतात.

तुमच्यापुढे सरळ दोन रस्ते आहेत. आतला क्रॉसओव्हर ठेवायचा आणि दोन्ही ॲम्पना पूर्ण सिग्नल द्यायचा, याला पॅसिव्ह बाय-ॲम्पिंग म्हणतात. किंवा आतला पूर्ण काढायचा, वाटणी ॲम्पच्या आधी करायची आणि प्रत्येक ॲम्प थेट एका ड्रायव्हरला जोडायचा, हे ॲक्टिव्ह बाय-ॲम्पिंग. तुमची आजची जोडणी या दोन्हींच्या मधोमध अडकली आहे.

पहिल्या रस्त्यावर तुम्ही आजच परत येऊ शकता. इलेक्ट्रॉनिक क्रॉसओव्हर वाटेतून काढा. इंटिग्रेटेडच्या प्री-आउटमधून दोन फाटे असलेल्या केबलने एक फाटा मेन-इनला आणि दुसरा पॉवर ॲम्पला द्या. काही ॲम्पमध्ये प्री-आउट वापरला तरी आतली जोडणी कायम राहते, तसं असेल तर फाट्याचीही गरज नाही. सगळं काही बंद ठेवून हे करा.

इथे पट्ट्यांबद्दल सांगायलाच हवं. बाय-ॲम्पिंग करताना चारही पट्ट्या निघालेल्या असल्याच पाहिजेत, दोन्ही स्पीकरच्या, अधिक आणि उणे दोन्ही बाजूंच्या. एकही राहिली तर दोन ॲम्पचे आउटपुट एकमेकांवर चढतात आणि आउटपुट ट्रान्झिस्टर जळू शकतात. तुम्ही त्या काढल्या आहेत, पण वायर बदलताना कुणीतरी मदतीला येतं आणि ‘ही पट्टी सुटलेली दिसली’ म्हणून पुन्हा बसवून टाकतं. त्या काढून घरात दुसरीकडे ठेवा. दोन ॲम्पची उणे टर्मिनलंही आपसांत जोडू नका. ब्रिज पद्धतीच्या ॲम्पमध्ये, आणि क्लास-डी प्रकारातले बरेच ॲम्प तसे असतात, उणे टर्मिनल म्हणजे ग्राउंड नसतं, तिथेही सिग्नल असतो.

यानंतर गेन, म्हणजे ॲम्प सिग्नल किती पट वाढवतो ते, जुळवा. पॅसिव्ह रस्त्यावरचं हेच सगळ्यात महत्त्वाचं काम आहे आणि नेमकं हेच राहून जातं. दोन वेगळ्या ॲम्पचा गेन क्वचितच सारखा असतो. वूफरच्या ॲम्पचा २६ डेसिबल आणि ट्विटरच्या ॲम्पचा २९ असेल, तर ट्विटर वूफरपेक्षा ३ डेसिबल वर वाजेल आणि रचनाकाराने जपलेला तोल गेला. यासाठी साधा मल्टिमीटर पुरतो. स्पीकरच्या वायरी सोडवून ठेवा, १०० हर्ट्झचा शुद्ध सूर कमी आवाजात सुरू करा आणि मीटर एसी व्होल्टवर ठेवून दोन्ही ॲम्पचं आउटपुट मोजा. फ्रिक्वेन्सी १०० अशासाठी की साधे मीटर हजारो हर्ट्झला चुकीचा आकडा दाखवतात. एकावर १ व्होल्ट आणि दुसऱ्यावर १.४१ व्होल्ट आले तर फरक ३ डेसिबलचा, दुप्पट आले तर ६ चा. पॉवर ॲम्पला गेनचा खटका किंवा नॉब असेल तर त्याने जुळवा, नसेल तर जास्त गेनच्या ॲम्पच्या इनपुटला लाइन लेव्हलचा ॲटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा जोड) लावा. दोन टक्क्यांच्या आत आणलंत की फरक ०.२ डेसिबलच्याही आत येतो. त्याहून जास्त झटण्याची गरज नाही. काही ॲम्प सिग्नलची पोलॅरिटी उलटी करतात, ते माहितीपत्रकात पाहा. एकच ॲम्प उलटवत असेल तर त्याच्या स्पीकर वायरी अदलाबदल करून लावा.

कोणता ॲम्प वर? पॅसिव्ह जोडणीत मी जास्त करंट देऊ शकणारा, डॅम्पिंग (कोनच्या हालचालीवरचा ताबा) चांगलं असलेला ॲम्प वूफरला देईन आणि ज्याची पार्श्वभूमी जास्त शांत तो ट्विटरला. स्पीकरला कान लावून, काही न वाजवता ऐका. कमी फस्स करणारा वर जाईल.

आता या जोडणीचा फायदा किती? खरं सांगायचं तर थोडा. याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. पॅसिव्ह बाय-ॲम्पिंगमध्ये प्रत्येक ॲम्पला संपूर्ण सिग्नल मिळतो, म्हणून त्याला व्होल्टेजही संपूर्णच उचलावं लागतं. विभागला जातो तो फक्त करंट. ॲम्पचा आवाज फाटतो तो बहुतेक वेळा व्होल्टेजची मर्यादा गाठल्याने, आणि ती मर्यादा दोन ॲम्प लावूनही तिथेच राहते. ॲक्टिव्ह रस्त्यावर मात्र गणित बदलतं. समजा खालच्या सुरांचं शिखर २० व्होल्टचं आहे आणि वरच्यांचंही २० चं. एकाच ॲम्पमधून दोन्ही जाताना ती शिखरं कधीतरी एकावर एक येतात आणि ॲम्पला ४० व्होल्ट द्यावे लागतात. ८ ओहमवर ४० व्होल्टचं शिखर म्हणजे १०० वॉटचा ॲम्प. वाटणी ॲम्पच्या आधी झाली तर प्रत्येकाने २० व्होल्ट दिले की झालं, आणि ते म्हणजे २५ वॉट. २५ चे दोन ॲम्प मिळून १०० च्या एका ॲम्पचं शिखर पेलतात. दोन ॲम्प घेऊन चौपट जोर येतो असं जे ऐकायला मिळतं त्याचा उगम इथे आहे, आणि ते फक्त ॲक्टिव्ह जोडणीला लागू आहे.

तुम्ही इलेक्ट्रॉनिक क्रॉसओव्हर घेतलाच आहे, तर त्याचा एक उपयोग पॅसिव्ह जोडणीतही होतो. स्पीकरचा मूळ क्रॉसओव्हर जिथे आहे त्याच्या एक दशांशावर, म्हणजे २५० हर्ट्झला, तो लावा. त्याचा फक्त हाय आउटपुट ट्विटरच्या ॲम्पला द्या. वूफरच्या ॲम्पला लो आउटपुट देऊ नका, त्याला पूर्ण सिग्नल थेट जाऊ द्या. २५० वरच्या २४ डेसिबल फिल्टरमुळे २५०० ला फेज १६ अंशांनी फिरते आणि पातळी तर हलतच नाही. दोन ड्रायव्हरच्या बेरजेत याने येणारी घट ०.१ डेसिबलच्या आसपास असते. ती ऐकू येणार नाही. मोबदल्यात ट्विटरच्या ॲम्पवरचा खालच्या सुरांचा मोठा भार उतरतो. एखाद्या जोरकस ठोक्याला वूफरचा ॲम्प फाटला, तरी वरचा ॲम्प स्वच्छ राहतो आणि वूफरकडचा फाटका आवाज आतल्या लो-पासमधून, म्हणजे फक्त खालचे सूर जाऊ देणाऱ्या फिल्टरमधून, बराचसा गाळून निघतो. वर सांगितलेला नियम इथे मोडत नाही, कारण ही वाटणी मुळी ट्विटरच्या वाटणीच्या पट्ट्यात नाहीच. सबवूफर जोडताना मुख्य स्पीकरला ८० हर्ट्झला हाय-पास (फक्त वरचे सूर जाऊ देणारा फिल्टर) लावतात तोही याच न्यायाने चालतो. हाय आउटपुटची पातळी मात्र क्रॉसओव्हर वाटेत असताना पुन्हा मोजून जुळवा. या वेळी सूर १००० हर्ट्झचा घ्या, कारण १०० हर्ट्झ आता तिथून जाणारच नाही. मीटर १००० ला खरं मोजतो की नाही, हे आधी फिल्टरशिवाय दोन्ही सुरांवर आकडा सारखा येतो का ते बघून तपासा.

थ्री-वे स्पीकर असलेल्या वाचकांनी ही युक्ती तशीच उचलू नये. तिथे वरच्या टर्मिनलवर मिडरेंज, म्हणजे मधल्या सुरांचा ड्रायव्हरही असतो आणि त्याची वाटणी कित्येकदा ३००-४०० हर्ट्झलाच असते. मग २५० चा फिल्टर बरोबर त्याच्या अंगावर येतो.

राहिला स्पीकर उघडण्याचा प्रश्न. ॲक्टिव्ह जोडणी मला मनापासून आवडते. नीट केली तर वूफर आणि ॲम्प यांच्यामध्ये काहीच उरत नाही, खालचे सूर घट्ट होतात, मोठ्या आवाजातही संगीत चेपल्यासारखं वाटत नाही. पण तुमच्याकडे आज जी पेटी आहे, तिच्यात फ्रिक्वेन्सी, उतार आणि पातळी एवढंच ठरवता येतं. फळीची भरपाई, नॉच, ड्रायव्हरगणिक विलंब यांतलं काही तिच्यात नाही. या कामाला डीएसपी (डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग) असलेला क्रॉसओव्हर लागतो, कॅलिब्रेशन फाइलसह येणारा यूएसबी मापन-माइक लागतो आणि रूम ईक्यू विझार्डसारखं सॉफ्टवेअर लागतं. ते मोफत मिळतं. यातलं माइक आणि सॉफ्टवेअर नसेल तर उघडू नका, हे मी ठामपणे सांगतो. नुसत्या कानाने पातळी जुळवता येते, फेज जुळवता येत नाही.

ते सगळं आणून उघडायचं ठरवलंत, तर पहिलं मोजमाप काहीही न उघडता घ्या. स्पीकर आणि माइक दोन्ही जमिनीपासून १.२ मीटर उंच, आपसांत १ मीटर अंतर, भिंती शक्य तितक्या दूर. जमिनीवरून उसळून येणारा आवाज थेट आवाजानंतर सुमारे साडेचार मिलिसेकंदांनी पोचतो. त्याआधीचाच भाग मापनात ठेवलात तर खोलीचा परिणाम गळून पडतो, मात्र साधारण २२० हर्ट्झखालचं चित्र तेव्हा खरं धरू नका. हा आलेख म्हणजे मूळ रचनाकाराने साधलेला तोल. तुम्हाला तिथपर्यंत परत पोचायचं आहे.

बोर्ड काढताना वायर कापू नका, सोल्डर सोडवा, आणि त्याआधी फोटो काढा. वायरीच्या रंगावरून अधिक-उणे ठरवू नका. कित्येक रचनांत ट्विटर मुद्दाम उलटा जोडलेला असतो. ड्रायव्हरवर छापलेली खूण पाहा.

ट्विटर जोडण्याआधी त्याच्या वाटेत एक कपॅसिटर घाला. हे पर्यायी नाही. आतला क्रॉसओव्हर असताना ट्विटरला डीसी (एकाच दिशेचा करंट) पोचू शकत नव्हता, आता ॲम्पचा थेट मार्ग खुला झाला. ॲम्प चालू होतानाचा एक धक्का किंवा डीएसपीतला चुकून बदललेला प्रीसेट त्याची केसाएवढी तार जाळायला पुरेसा आहे. मी स्वतः असा एक ट्विटर गमावला आहे. ॲम्प चालू असताना क्रॉसओव्हरची केबल ओढून काढली, एक धप्प आवाज आला आणि तो कायमचा मुका झाला. कपॅसिटर नंतर घालू असं म्हणून मी पुढे गेलो होतो. ८ ओहमच्या ट्विटरला ३३ मायक्रोफॅरड घेतलात तर त्याची कड ६०० हर्ट्झच्या आसपास येते, ४ ओहमला ६८ घ्या. २५०० ला त्याने पाव डेसिबल आणि साधारण १४ अंश एवढाच फरक पडतो, आणि तोही मापनात आपोआप धरला जातो. फिल्म कपॅसिटर उत्तम, नाहीतर बायपोलर इलेक्ट्रोलिटिक. अधिक-उणे खूण असलेला साधा इलेक्ट्रोलिटिक इथे नको.

मग वाटणी तपासा. ट्विटरच्या ॲम्पला आधी एखादा जुना, गेला तरी चालेल असा स्पीकर जोडा आणि हळू आवाजात खरोखर वरचेच सूर येत आहेत ना ते ऐका. दोन्ही चॅनेल असे ऐकल्याशिवाय ट्विटर लावू नका. चालू करताना क्रॉसओव्हर आधी आणि ॲम्प शेवटी, बंद करताना ॲम्प आधी.

पातळी आणि फिल्टर बसले की विलंब. वूफरचा कोन आत खोल असतो, त्यामुळे त्याचा आवाज ट्विटरच्या मागून निघतो. हे अंतर २५ मिलिमीटर असेल तर वेळेत ०.०७ मिलिसेकंदाचा फरक पडतो. ऐकायला क्षुल्लक, पण २५०० हर्ट्झची तरंगलांबी जेमतेम १३७ मिलिमीटर आहे, म्हणून फेजमध्ये तो सुमारे ६६ अंश होतो. ट्विटरला तेवढा विलंब द्यायचा. बरोबर बसला की नाही हे ओळखण्याची खूण मला फार विश्वासाची वाटते: ट्विटरची पोलॅरिटी डीएसपीतून तात्पुरती उलटी करा आणि मोजा. लिंक्विट्झ-रायली २४ मध्ये सगळं जुळलं असेल, तर वाटणीच्या जागी खोल आणि दोन्ही बाजूंना सारखी दरी पडेल. दरी उथळ किंवा एका बाजूला कललेली असेल तर विलंब थोडा थोडा बदलत जा. सगळ्यात खोल दरी मिळाली की पोलॅरिटी पुन्हा सरळ करा.

एक त्रास मात्र आधीच सांगून ठेवतो. ट्विटरच्या वाटेतले रेझिस्टर गेल्यामुळे ॲम्पची फस्स पूर्वीपेक्षा ५-६ डेसिबलने मोठी ऐकू येईल. डीएसपीत ट्विटरची पातळी कमी करून ती जात नाही, कारण ती डीएसपीच्या पुढे, ॲम्पमध्ये तयार होते. ट्विटरसाठी कमी गेनचा, शांत ॲम्प निवडणं हाच उपाय. जोराची तिथे फारशी गरज नसते.

तुमच्या जागी मी असतो, तर या आठवड्यात पॅसिव्ह जोडणीवर परत आलो असतो, गेन जुळवला असता आणि २५० हर्ट्झचा प्रयोग करून पाहिला असता. महिनाभर ऐकूनही उघडण्याची ओढ राहिली, तर माइक घ्या, न उघडलेल्या स्पीकरचा आलेख काढा आणि मागची टर्मिनल प्लेट सोडवून आतल्या बोर्डाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा, कपॅसिटरवरचे आकडे वाचता येतील असा. दोन्ही मला पाठवा. ट्विटर उलटा जोडलाय का आणि फळीची भरपाई किती केली आहे, हे मला त्यावरून सांगता येईल. तोवर सोल्डरिंग आयर्न तापवू नका.